भावाच्या उजव्या हातात ताकद नाही (वय 21), सांगली-मिरज भागात परवडणारी फिजिओथेरपी कुठे मिळेल?

तासगावची_ताई

नमस्कार. माझा धाकटा भाऊ आयटीआय फिटर करून कुपवाड एमआयडीसीत ठेकेदारामार्फत कामाला लागला होता. जूनच्या शेवटी दुसरी पाळी संपवून बाईकवरून घरी येत होता, तेव्हा पिकअपने धडक दिली. हेल्मेटमुळे डोकं वाचलं, पण उजवा खांदा रस्त्यावर आपटला. कॉलरबोनला प्लेट टाकली, हाड जुळलं. हात मात्र खांद्यातून उचलत नाही, कोपर वाकत नाही. बोटं मिटतात, पण पकड कमी आहे. दंडात आणि अंगठ्याकडे आग होते म्हणतो, रात्री जास्त.

डिस्चार्जच्या कागदावर 'ब्रेकियल प्लेक्सस इंज्युरी' लिहिलंय आणि खाली 'फिजिओथेरपी चालू ठेवा'. पुढे काय, हे कुणी सांगितलं नाही. आता तीन महिने होत आले. खासगी क्लिनिकमध्ये दिवसाला 400 रुपये आणि करंटच्या मशीनचं पॅकेज वेगळं. वडील द्राक्षबागेत रोजंदारीवर आहेत, आता छाटणी सुरू होईल म्हणजे ते घरी नसणारच. मी अंगणवाडीत मदतनीस आहे. हा खर्च आम्हाला फार दिवस झेपणार नाही.

अजून एक. मित्र आले की तो पांघरूण घेऊन पडून राहतो. परवा म्हणाला, "फिटर तर उजव्या हाताचाच असतो ना." मला काही बोलता आलं नाही. कुणाला असं काही झालं असेल तर कृपया सांगा.

पुण्याचा_निखिल

ताई, मला हेच झालं होतं, डाव्या हाताला, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. फिजिओचं नंतर बोलू. आधी हे सांगा, ईएमजी-एनसीव्ही (नसा आणि स्नायू किती चालतात याची विजेची तपासणी) झालंय का? मानेचा आणि प्लेक्ससचा, म्हणजे हाताच्या नसांच्या गुंफणीचा, एमआरआय? नसेल तर याच आठवड्यात करा. तीन महिने झालेत म्हणून घाई करायला सांगतोय.

मानेच्या मणक्यातून पाच मुळं निघतात आणि त्यांच्या गुंफणीतून सगळ्या हाताच्या नसा तयार होतात. खांदा खाली आणि मान दुसऱ्या बाजूला अशी फेकली गेली की ती मुळं ताणली जातात, फाटतात किंवा मणक्यापासूनच उपटतात. नुसती ताणली असतील तर आपोआप सुधारतात. उपटली असतील तर कितीही व्यायाम करा, ती परत चिकटत नाहीत, ऑपरेशन लागतं. ते साधारण 3 ते 6 महिन्यांच्या आत झालेलं चांगलं. नस दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढते आणि तिची वाट बघणारा स्नायू दीड-एक वर्षात निकामी व्हायला लागतो. सगळा खेळ या दोन गोष्टींच्या शर्यतीचा आहे.

भावाची बोटं मिटतात हे फार चांगलं लक्षण आहे. माझीही मिटत होती. म्हणूनच मनगट-बोटांकडे जाणाऱ्या चालू नसेतला एक बारीक धागा काढून तो दंडाच्या स्नायूच्या नसेला जोडता आला. बोटांची ताकद गेली नाही. बरेच महिने काहीच झालं नाही. मग एके दिवशी दंडात नुसतं फडफडलं, कोपर जागचं हललं नाही, पण मी आईला हाक मारून दाखवलं. आज कोपर पूर्ण वाकतं, पाण्याची बादली उचलतो. खांदा डोक्यावर जात नाही, तो आता जाणारही नाही. हे सगळं भावाला वाचून दाखवा, अर्धवट नको.

हे ऑपरेशन सगळे हाडांचे डॉक्टर करत नाहीत. प्लास्टिक सर्जन किंवा हँड सर्जन, तेही नसांचं काम नेहमी करणारे शोधा. मुंबईत केईएम, सायन, नायर या तिन्ही पालिकेच्या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरी विभाग आहे. ओपीडीचा दिवस आधी विचारून जा, एमआरआयची सीडी सोबत ठेवा, नुसता रिपोर्ट चालत नाही.

हस्तोपचार

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी), सरकारी रुग्णालयात काम केलंय. वरच्या प्रत्येक शब्दाला दुजोरा.

ताई, मशीनच्या पॅकेजचे पैसे थांबवा. करंटने तुटलेली नस जुळत नाही. सध्या फिजिओचं काम एवढंच, सांधे आखडू न देणं, म्हणजे नस पोचेल तेव्हा हलायला सांधा मोकळा असेल. हे घरी होतं. एकदा चांगल्या थेरपिस्टकडून शिकून घ्या आणि मोबाईलवर व्हिडिओ करून ठेवा. खांदा, कोपर, मनगट, अंगठा, प्रत्येक बोट, दिवसातून तीन-चार वेळा, डाव्या हाताने किंवा तुम्ही धरून, हळू. दुखेपर्यंत ओढायचं नाही. खांदा विशेष सांभाळा. स्नायू लुळे पडले की हाताच्या वजनाने तो खाली निसटतो, म्हणून उभं असताना आणि चालताना हाताला झोळी हवीच. पण दिवसभर झोळीतच ठेवला तर कोपर आणि खांदा दोन्ही आखडतील.

जिथे स्पर्श कळत नाही तिथे चटका लागलेलाही कळत नाही. गरम पाण्याची पिशवी, चहाचा कप, बाईकचा सायलेन्सर यांपासून जपा, रोज रात्री कातडी बघा. आग होते त्यावर साधी वेदनाशामक गोळी फारशी चालत नाही, नसांच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात. डॉक्टरांना 'दुखतं' असं न म्हणता 'आग होते, करंट बसतो' असंच सांगा. ती औषधं मनाने बंद करू नका.

मिरज आणि सांगली, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत. तिथल्या फिजिओथेरपी विभागात केसपेपरवर नाममात्र पैशांत काम होतं. गर्दी असते, पण घरी करायचं शिकून यायला आठवड्यातून एकदा पुरे. हाताचे स्प्लिंट (हात नीट धरून ठेवणारे आधार) आणि पुढे कामाचं प्रशिक्षण यासाठी मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपी एकाच छताखाली मिळते.

आणि भावाला एक सांगा. डाव्या हाताने लिहायला, जेवायला, स्क्रू ड्रायव्हर धरायला आजपासून सुरुवात कर. त्याने उजवा हात मागे पडत नाही. मी पाहिलेल्या तरुणांपैकी जे सहा महिने हाताकडे बघत बसले त्यांचं मन जास्त खचलं. रात्री फारच वाईट वाटलं तर 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी नंबर आहे, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

कामगार_मित्र

ताई, ठेकेदाराकडे कामाला होता म्हणालात. पगारातून ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापली जात होती का?

तासगावची_ताई

निखिल दादा, मॅडम, खूप आभार. ईएमजी झालेलं नाही, एमआरआय फक्त मानेच्या मणक्याचा आहे. उद्याच मिरजेला जातो.

कामगार मित्र, आत्ता पगाराची स्लिप काढून बघितली. ईएसआयसीचे पैसे कापलेत, दर महिन्याला. त्याला कार्ड असं काही मिळालेलं नाही.

कामगार_मित्र

मग तुमचा अर्धा भार हलका होऊ शकतो. कार्ड नसलं तरी विमा क्रमांक असतो, तो ठेकेदाराकडून किंवा ईएसआयसीच्या शाखा कार्यालयातून मिळेल. कामावर जाता-येताना झालेला अपघातही कायद्याने कामावरची इजा धरला जातो, मात्र वेळ, जागा आणि कामाचा संबंध दाखवावा लागतो. दुसरी पाळी संपली कधी आणि अपघात झाला कधी, हे हजेरी आणि पोलीस पंचनाम्यावरून सिद्ध करा. मान्य झालं तर उपचारांचा खर्च ईएसआयसीचा, गरजेप्रमाणे मोठ्या रुग्णालयात रेफरसुद्धा. शिवाय कामावर जाता येत नाही तोवर रोजच्या सरासरी वेतनाच्या सुमारे 90 टक्के तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ. अपघाताची नोंद मालकाने पाठवायची असते. तो टाळाटाळ करत असेल तर तुम्ही स्वतः शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ती पोच हरवू नका.

ऑपरेशनला उशीर होत असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनाही बघा. मर्यादा वर्षाला कुटुंबामागे 5 लाख आहे. रुग्णालयात या योजनेसाठी बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा की हे ऑपरेशन यादीत कोणत्या नावाने बसतं. योजना दाखल होऊन केलेल्या उपचारांसाठी आहे, बाहेरून रोज होणारी फिजिओ तिच्यात धरू नका.

पिकअपवाल्यावर गुन्हा नोंदवलाय का? मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईच्या दाव्याला 2019 च्या दुरुस्तीने अपघातापासून 6 महिन्यांची मुदत आहे, म्हणजे डिसेंबर गाठायचा. वकिलाची फी देऊ नका. सांगलीच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, मोफत वकील मिळतो. फोन 15100. ईएसआयसी आणि दावा दोन्ही कसं जुळवायचं ते त्यांनाच विचारा.

तासगावची_ताई

मिरजेहून आत्ताच आलो. ईएमजीची तारीख पुढच्या मंगळवारची मिळाली, एमआरआय त्याच आठवड्यात. फिजिओ विभागातल्या मुलींनी पाऊण तास बसवून व्यायाम शिकवले. भावाने स्वतःच व्हिडिओ काढला, डाव्या हाताने मोबाईल धरून. एफआयआर आहे, प्रत काढलीय. मुंबईला जावं लागलं तर राहायचं कुठे, तेवढं सांगा.

पुण्याचा_निखिल

रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस मिरजेहून पकडा, सकाळी मुंबईत ओपीडीच्या वेळेला पोचता. दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे. रुग्णालयातल्या समाजसेवकाकडून पत्र घेऊन तिथे जा, जागा असली तर अगदी कमी पैशांत राहता येतं. ईएमजीचा रिपोर्ट आला की नाव झाकून इथे टाका. आणि भावाला माझा नंबर द्यायचाय, मेसेज करतो तुम्हाला.