शाळेच्या बातमीपत्रातला वाचन-तक्ता: घरच्या वाचनावर पालकांची सही कशाला?

दुसरीतल्या मुलीची आई

मुलीच्या प्राथमिक शाळेचं दोन पानी बातमीपत्र दर महिन्याला घरी येतं. सहल कधी, कोणत्या वर्गाने काय केलं, नवीन बाई कोण आल्या, असं सगळं त्यात असतं. मी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचते आणि मुलीलाही वाचून दाखवते. आपल्या वर्गाचं नाव ऐकलं की ती उठून बसते.

या अंकात पहिल्याच पानावर नवा उपक्रम आहे. पालकांनी मुलासोबत रोज २० मिनिटं वाचायचं. सोबतच्या तक्त्यात पुस्तकाचं नाव आणि किती पानं झाली ते लिहून सही करायची. तक्ता दर सोमवारी वर्गात जमा. महिनाअखेर ज्यांची पानं सगळ्यांत जास्त, अशा पाच कुटुंबांची नावं पुढच्या अंकात छापणार.

शाळेने घरच्या वाचनाचा विषय काढला याचा मला मनापासून आनंद आहे. पण पानांचा हिशेब, सही आणि नावांची यादी या तिन्हींना माझा विरोध आहे.

कारण माझ्याच घरात घडलंय. मुलगी वर्षाची असल्यापासून आम्ही रात्री झोपायच्या आधी वाचतो. गेले तीन आठवडे समुद्री कासवाची एक गोष्ट चालली होती. आई अंडी घालून निघून जाते, मग पिल्लांना समुद्र कुठे आहे ते कोण सांगतं? तिने हे विचारलं त्या रात्री एकच पान वाचून झालं आणि अर्धा तास आम्ही नुसत्या बोलत होतो. तक्ता आल्यानंतर चौथ्या दिवशी तिने पुस्तक निवडताना विचारलं, "आई, यात पानं किती आहेत?" कासव तिथेच राहिलं. आता पानाला दोन ओळी असलेली पुस्तकं भराभर संपतात. प्रश्न येत नाहीत.

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रकलेची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला होता. चित्र काढलंस तर बक्षीस मिळेल, असं ज्यांना आधीच सांगितलं होतं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे इतरांपेक्षा कमी वळली. २०१२ मध्ये तर वाचनाच्या नोंदींवरच अभ्यास झाला, दुसरी-तिसरीतल्या मुलांचा. सक्तीने नोंद ठेवणाऱ्या मुलांची वाचनाची ओढ कमी झाली, स्वेच्छेने नोंद ठेवणाऱ्यांची वाढली.

बातमीपत्रात जागा आहेच, तर तिथे मोठ्याने वाचण्यासारखा एक उतारा द्या. वर्गाच्या पेटीत कोणती नवी पुस्तकं आली ते लिहा. मुलांनी गोष्टीबद्दल काय म्हटलं ते छापा. माझा हा विरोध कुणाला अवाजवी वाटतोय का?

तिसरीची वर्गशिक्षिका

ताई, मला वाटतोय. कारण तुमच्या घरी पुस्तक आधीपासून उघडत होतं. तक्ता ज्यांच्यासाठी काढला, त्यात तुमचं घर नाही.

तुम्ही सांगितलेल्या प्रयोगातली मुलं आधीच आवड असलेली होती, हे तुम्हीच लिहिलंय. ज्याला अजून आवड लागलीच नाही त्याची आवड तक्त्याने कशी जाईल? माझ्या वर्गात अशी मुलं आहेत ज्यांच्या घरात पाठ्यपुस्तकाशिवाय छापलेला कागद नाही. आमच्याही पत्रकात कितीतरी महिने "मुलांसोबत वाचा" अशी एक ओळ असायची. पालकसभेत विचारलं तर ती ओळ कुणाच्या लक्षातही नव्हती. आमच्या शाळेनेही असाच तक्ता दिल्यावर पहिल्याच सोमवारी चार पालक दाराशी थांबले आणि म्हणाले, बाई, वाचायला द्या काहीतरी. हे चार पालक मला त्या एका ओळीने कधीच मिळाले नसते.

आता वेळेचा हिशेब बघा. वर्गात ३८ मुलं, तास ४० मिनिटांचा. प्रत्येकाचं वाचन ऐकायचं म्हटलं तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट येतं, तेसुद्धा त्या तासात दुसरं काहीच केलं नाही तर. जोडाक्षरापाशी अडणाऱ्या मुलाला रोज कुणीतरी शेजारी बसून ऐकायला लागतं. गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये एक साधं सूत्र मांडलं. वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. गुणाकारात एक बाजू शून्य असली की उत्तरही शून्य. अक्षरं उलगडण्याची बाजू सरावाने वाढते, आणि तो सराव पुरेसा करून घ्यायला माझ्याकडे तास नाहीत.

त्याच वर्षी कीथ स्टॅनोविच यांनीही दाखवून दिलं की ज्याला वाचता येतं तो जास्त वाचतो आणि पुढे जातो, ज्याला जमत नाही तो टाळतो आणि अंतर वाढत जातं. तिसरीत ते अंतर मला रोज डोळ्यांनी दिसतं. म्हणून मी तक्ता मागते.

रात्रपाळीवाला बाबा

बाई, तुमची तळमळ समजते. माझ्या घरची गोष्ट ऐका.

महिन्यातले दोन आठवडे मी रात्रपाळीला असतो. मुलगा शाळेतून येतो तेव्हा मी निघायच्या तयारीत असतो. त्याच्या आईला शाळेची भाषा बोलता येते, वाचता येत नाही. पहिल्या आठवड्यात तक्त्यातले तीन रकाने रिकामे राहिले. रविवारी रात्री मुलगा म्हणाला, "बाबा, उद्या सगळ्यांचे भरलेले असतील." मी तीन पुस्तकांची नावं लिहिली आणि तीन सह्या ठोकल्या. तो शेजारी उभा राहून बघत होता.

त्याला मी वाचायला शिकवलं नाही, खोटं लिहायला शिकवलं. त्या रात्रीपासून मनाला लागून राहिलंय.

दोन मुलं, एक मत

मी आणखी पुढे जाऊन म्हणतो. वाचायला शिकवणं हे शाळेचं काम आहे. ते घरावर ढकललं की ज्या घरात शिकलेले, वेळ असलेले पालक आहेत तिथली मुलं पुढे जाणार आणि बाकीची तिथेच राहणार. बाई अंतर कमी करायचं म्हणतात, पण तक्त्याने ते वाढेल.

"घरात पुस्तकं असली की मुलं जास्त शिकतात" हेही नेहमी पुढे केलं जातं. २०१० मध्ये २७ देशांतल्या माहितीवर असा एक मोठा अभ्यास आला होता. भरपूर पुस्तकांच्या घरातली मुलं सरासरी तीन वर्षं जास्त शिकली होती. अभ्यासकांनी आईवडिलांचं शिक्षण आणि व्यवसाय हिशेबात धरला होता, हे मान्य. तरीही पुस्तकांमुळे हे झालं की पुस्तकं ठेवणाऱ्या घराच्या एकूण वळणामुळे, हे अशा माहितीतून वेगळं काढता येत नाही. आणि पाच कुटुंबांची नावं छापणं म्हणजे उरलेल्या सगळ्यांची नावं न छापता जाहीर करणं. मूल पहिल्यांदा शोधेल ते आपलंच नाव.

दुसरीतल्या मुलीची आई

दादा, नावांबद्दल शंभर टक्के सहमत. "शाळेचं काम घरावर ढकललं" हे मात्र मला पटत नाही, आणि इथे मी बाईंच्याही थोडी विरोधात जाते.

घरातलं वाचन आणि शाळेतलं वाचन ही दोन वेगळी कामं आहेत. मोनिक सेनेशाल आणि जो-ॲन लफेव्हर यांनी १६८ मुलांचा काही वर्षं पाठपुरावा करून २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. घरी गोष्टी वाचून दाखवण्याचा संबंध मुलांच्या शब्दसंपत्तीशी आणि ऐकून समजण्याशी दिसला. आईवडिलांनी अक्षरं शिकवण्याचा संबंध सुरुवातीच्या वाचन-कौशल्यांशी दिसला. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघाली नाही.

मग बाईंच्या गुणाकारातली दुसरी बाजू, भाषा समजण्याची, ती कुठे वाढणार? मांडीवर, अंथरुणात, पुस्तक मध्ये ठेवून बोलताना. १९८८ मध्ये हेज आणि आरेन्स यांनी इंग्रजी मजकूर मोजून पाहिला होता. मुलांच्या पुस्तकांत हजार शब्दांमागे सुमारे ३१ शब्द विरळा वापरातले होते, पदवीधर मोठ्या माणसांच्या आपसातल्या गप्पांत जेमतेम १७. म्हणजे आपण घरात कितीही बोललो तरी गोष्टीतले शब्द वेगळेच असतात, आणि ते मुलाला उमगतात गोष्ट थांबवून बोललो की. माझ्या लेकीला "भरती-ओहोटी" हा शब्द त्या एका पानावर अर्धा तास बसल्यामुळे कळला. तक्त्यात त्या रात्रीची नोंद "१ पान" एवढीच झाली असती.

पानं मोजून शाळा घरातलं नेमकं चुकीचं काम मोजते आहे. माझा सगळा आक्षेप तिथे आहे.

शाळेची ग्रंथपाल

रात्रपाळीवाल्या दादांसाठी लिहिते आहे, बाकी वाद तुमचा चालू द्या.

मुलाच्या आईला वाचता येत नाही म्हणून त्या घरात एकत्र वाचन होऊ शकत नाही, असं अजिबात नाही. शब्दविरहित चित्रपुस्तकं असतात, नुसती चित्रांतून गोष्ट पुढे जाते. ती आई आणि मुलगा आपल्या घरच्या भाषेत सांगू शकतात. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ मध्ये अगदी लहान मुलांसोबत करून पाहिलेली पद्धत हीच होती. मोठ्यांनी सगळं वाचून न दाखवता "हा असा का करतोय?", "आता काय होईल?" असं विचारायचं आणि हळूहळू मुलालाच गोष्ट सांगायला लावायची. त्या मुलांची भाषा इतरांपेक्षा पुढे गेली. हे प्रश्न विचारायला अक्षर यावं लागत नाही.

शिवाय कुटुंब म्हणजे फक्त आईवडील नव्हेत. मोठी बहीण आहे, आजी आहे. आमच्याकडे एक मुलगी रोज आजोबांना वाचून दाखवायला पुस्तक नेते, कारण त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. ती अडली की आजोबा चिडत नाहीत, पुढचा शब्द काय असेल ते दोघं मिळून ओळखतात. तक्त्यावर "पालकांची सही" असा रकाना आहे. आजोबांनी सही करायची की नाही, हे तिला कळेना. मीच म्हटलं, कर गं, आजोबांचीच घे.

रात्रपाळीवाला बाबा

ताई, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. बातमीपत्रात एवढं छापलं असतं तरी पुष्कळ झालं असतं.

पाळीवर जायच्या आधी एक प्रकरण वाचून फोनमध्ये ठेवून जाऊ का? तो पुस्तक समोर धरून ऐकेल.

शाळेची ग्रंथपाल

जरूर ठेवा. मध्ये थांबून त्याला नावाने हाक मारून एखादा प्रश्नही विचारा. उत्तर तो आईला देईल.

तिसरीची वर्गशिक्षिका

सगळं वाचलं. नावं छापण्याचा प्रस्ताव मी आमच्या शाळेत तरी मागे घ्यायला सांगणार आहे, ती चूकच होती. पानांचा रकानाही काढू. त्या जागी "आज गोष्टीत काय आवडलं किंवा खटकलं" असं एक वाक्य मुलाने सांगायचं, घरातल्या कुणीही लिहायचं. चित्र काढलं तरी चालेल. घरात कुणालाच लिहिता येत नसेल तर सोमवारी मुलाने मला तोंडी सांगायचं.

पण तक्ताच नको, हे मी मान्य करणार नाही. माझ्या वर्गात एक मुलगा आहे. शांत, हुशार, कुणाला त्रास नाही. सलग दोन सोमवार त्याचा तक्ता कोरा आला म्हणून मी जवळ बसवून वाचायला दिलं, तेव्हा कळलं की त्याला वाचताच येत नाही. तो आजवर धडे ऐकून पाठ करत होता. तक्ता नसता तर मला हे कधी कळलं असतं? ताई, याचं उत्तर द्या.

दुसरीतल्या मुलीची आई

बाई, त्या मुलापर्यंत तुम्ही पोहोचलात हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. तरी माझं उत्तर तेच आहे. तो सापडला तुम्ही जवळ बसवून ऐकलंत तेव्हा. रात्रपाळीवाल्या दादांच्या मुलाचा तक्ता पूर्ण भरलेला होता, त्याच्याकडे कुणी बघितलंही नसतं. आणि या मुलाच्या घरी कुणी रोज सह्या करून दिल्या असत्या, तर तुमचाही तक्ता फसला असता.

तुमचा नवा रकाना मला आवडला. कोरा ठेवायची मुभा असेल, आणि कोऱ्या तक्त्याबद्दल वर्गात सगळ्यांसमोर काही विचारलं जाणार नसेल, तर मी तो आनंदाने भरीन. शुक्रवारी आमची पालकसभा आहे. पुढच्या अंकासाठी हे चार ओळींचं निवेदन घेऊन जाते:

"घरातल्या कुणीही, कोणत्याही भाषेत, मुलासोबत गोष्ट वाचावी, ऐकावी किंवा चित्रं बघून सांगावी. एक पान पुरे. मध्ये थांबून बोला. पुस्तक हवं असेल तर वर्गाच्या पेटीतून न्या, हरवलं किंवा फाटलं तरी कुणी रागावणार नाही."

तिसरीची वर्गशिक्षिका

शेवटचं वाक्य मी आमच्या पत्रकात घेते आहे. फाटेल म्हणून पुस्तक घरी न नेणारी मुलं माझ्याही वर्गात आहेत.

भरलेल्या तक्त्याबद्दलचं तुमचं म्हणणं खरं आहे. उद्यापासून रोज दोन मुलांना मधल्या सुट्टीआधी पाच-पाच मिनिटं जवळ बसवून ऐकणार, तक्ता भरलेला असो की कोरा. ३८ मुलं म्हणजे १९ दिवसांत एक फेरी. तक्ता मात्र मी ठेवणार आहे.