मदत हवी आहे: मानसशास्त्रीय थरारपटाचं कथाबीज कच्चं वाटतंय

११० पानांची पटकथा आहे. जागा इंदूरचा सराफा. कार अपघातात डोक्याला मार लागलेली बाई महिन्याभराने घरी येते आणि घरातला माणूस आपला नवरा नाही, तोतया आहे असं धरून बसते. शेवटी उलगडतं की हा तिचा आजार होता. वाचणारे म्हणतात, अर्ध्यातच अंदाज येतो. काय बदलू?

प्रतिसाद १
आजार शेवटासाठी राखूच नका. विसाव्या पानाआधी डॉक्टरांच्या तोंडी येऊ द्या. याला काप्ग्रा सिंड्रोम म्हणतात, १९२३ साली फ्रान्समध्ये त्याचं वर्णन झालं. चेहरा ओळखू येतो, पण त्यासोबत आपलेपणा दाटून येत नाही, मग मन तोतयाची गोष्ट रचतं. नाव कळलं की प्रेक्षक निर्धास्त होतो. तिथेच गाठा त्याला: आजार खरा आणि माणूसही खोटा असेल तर? पानिपतानंतरच्या भाऊसाहेबांच्या तोतयाची गोष्ट आपल्या लोकांच्या कानावर असतेच, ती आयती कामी येईल.

या आजारात समोर परका वाटणारा माणूस काही रुग्णांना फोनवर मात्र आपलाच वाटतो. पान ५५च्या सुमारास तिला माहेरून नवऱ्याला त्याच्या सराफी पेढीवर फोन लावू द्या. आवाज ऐकून रडू फुटलं तर आजार. पण काहीच वाटलं नाही तर?

प्रतिसाद २
फोनचा प्रसंग झकास. पण तिचं चुकलं तर जाणार काय, हेच कथाबीजात नाही. पेढी तिच्या नावावर करा. नवऱ्याला ती आठ दिवसांत विकायची आहे. १८७२च्या करार कायद्याप्रमाणे मन ठिकाणावर नसलेल्या माणसाचा करार टिकत नाही. म्हणजे तोतयालाच ती बरी ठरायला हवी! पेढी वाचवायची तर तिने वेडी ठरायचं, त्याला उघडं पाडायचं तर शहाणी. अशी कोंडी असली की पुढची पानं अडत नाहीत.

प्रत्येक खुणेला दोन अर्थ ठेवा. उदाहरणार्थ, तो कसोटीवर मंगळसूत्राची वाटी घासतो, काळ्या दगडावर पिवळी रेघ उमटते, वर तेजाबाचा थेंब. रेघ टिकते, सोनं खरं. पण नवरा रेघ स्वतःकडे ओढायचा, हा पुढे ढकलतो. माणूस वेगळा, की अपघातात मनगट मोडलं म्हणून? प्लॅस्टर आधीच्या प्रसंगात दिसलंच पाहिजे, नाहीतर ती लबाडी होईल.

धागाकर्ता
खूप आभार. हे कसं वाटतं: "अपघातानंतर नवरा तोतया वाटणाऱ्या सराफ्यातल्या बाईला आठ दिवसांत ठरवायचं आहे: वेडी ठरून पेढी राखायची, की शहाणी ठरून त्याच्या हाती द्यायची."

प्रतिसाद १
आता उभं राहिलं. फक्त "त्याला उघडं पाडायचं" हे त्यात यायला हवं, नाहीतर ती शहाणी ठरायला का धडपडेल ते कळत नाही. आणि रात्रीचा सराफा वाया घालवू नका. दुकानं मिटली की त्याच ओट्यांवर खाण्याचे ठेले लागतात. पेढी बंद, समोर गर्दी, आणि आत दिवा.