मदत हवी आहे: धाकटी बहीण गरोदर आहे आणि गोळ्या सुटत नाहीत (सोलापूर)

नमस्कार. बहीण २६ वर्षांची, पाचवा महिना चालू आहे. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मारहाणीत तिच्या कंबरेला मार बसला आणि पोटातलं पहिलं मूल गेलं. तेव्हा दुखण्यावर ट्रामाडॉल दिलं होतं, ते सुटलंच नाही. आता दिवसाला सात-आठ गोळ्या होतात. महिन्यापासून ती माझ्याकडे, विडी घरकुलला आहे.

परवा विड्या वळताना तिच्या सुपात पानांखाली गोळ्यांची रिकामी पाकिटं दिसली. मी पानं परत होती तशी सारली. तिनं पाहिलं. म्हणाली, "अक्का, कंबर दुखायची कधीच राहिली गं. रात्री डोळा लागला की तो दारात उभा दिसतो, म्हणून घेते."

एका दवाखान्यात नेलं, तर सगळ्यांसमोर "आई व्हायची लायकी आहे का तुझी?" असं ऐकवलं. बीपीचा पट्टा दंडावर आवळला तशी ती किंचाळून उठली. तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढू देत नाही.

आई म्हणते, गोळ्या लपवून एकदम बंदच करू. मध्ये एक दिवस मिळाल्या नाहीत तर घाम, जुलाब, अंगाला कापरं. काय करावं? आणि बाळ काढून घेतील का, ही भीती तिला खातेय. तिला नावं ठेवणार असाल तर कृपया उत्तर देऊ नका.

प्रतिसाद:
ताई, गोळ्या अजिबात लपवू नका. एकदम तोडल्या तर बाळाला धोका असतो, तिला फिटही येऊ शकते. गरोदरपणात या गोळ्यांऐवजी ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध देऊन डॉक्टरांच्या देखरेखीखाली सावरतात. बाळंतपणाआधी बाळाच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवा, म्हणजे जन्मानंतर बाळाला त्रास झाला तर लगेच लक्ष देतील. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत न्या आणि मारहाणीचंही सांगा, नुसतं गोळ्यांचं नको. त्याआधी १४४१६ वर टेलि-मानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) फोन करा, मोफत आहे, मराठीत बोलतात. नवऱ्याचा त्रास अजून असेल तर १८१, महिला हेल्पलाइन. बाळाचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचारासाठी दाखल असलेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करत नाहीत. हे तिला आजच सांगा.

धागाकर्ती:
सांगितलं. दोनदा विचारलं तिनं, "खरंच ना अक्का?" मग फोनला तयार झाली, मी शेजारी बसायचं या अटीवर. सिव्हिलला मानसोपचाराच्या बाई डॉक्टर कोणत्या वारी असतात, कुणाला माहीत आहे का? पुरुषानं हात लावलेला तिला अजून सहन होत नाही.