अरेका पामची टोकं करपतायत, पाणी वाढवू का?

हिरवी बाल्कनी (वाकड)
नमस्कार मंडळी. दिवाळीत हॉलसाठी कमरेएवढा, भरगच्च अरेका पाम आणला. आता मार्चमध्ये पानांची टोकं करपायला लागलीत, खालची काही पानं पिवळी पडलीत. कुंडी पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला लागूनच आहे. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालते. सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी येतं. आरओमधून वाया जाणारं पाणी झाडांच्या कामी येतं. सासूबाई म्हणतात झाड तहानलंय. पाणी वाढवू का? आणि करपलेली टोकं कापली तर चालतील? घरात मांजर आहे, ती पानं चावते, तेही सांगा.

गच्चीवरचा मळा
पिवळं पडतंय म्हणजे मॅग्नेशियम कमी. एक लिटर पाण्यात चमचाभर एप्सम सॉल्ट घाला, हिरवंगार होईल.

नर्सरीवाली, उरुळी कांचन
ताई, पाणी वाढवू नका, आणि दादा, एप्सम सॉल्टही इतक्यात नको. आमच्या नर्सरीत उन्हाळा लागला की गिऱ्हाईक हाच प्रश्न घेऊन येतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कुंडीत बोट घाला, दोन पेरं खोल, अगदी बुंध्याजवळ. आपल्याकडे विकली जाणारी बरीच रोपं आंध्रातल्या कडियमहून येतात. ट्रकच्या प्रवासात मुळं सुकू नयेत म्हणून गड्डा चिकण मातीत बांधलेला असतो. प्रवासाला ती माती चांगली, कुंडीत मात्र घात करते. तो गड्डा तसाच कुंडीत बसवतात आणि भोवती लाल माती भरतात. मग पाणी कडेकडेने खाली निघून जातं आणि मधला गड्डा एकतर दगडासारखा सुकतो, नाहीतर कायम चिखल राहतो. मुळं दोन्हीकडून मरतात, टोकंही दोन्हीत करपतात. म्हणून नुसतं पान बघून झाड तहानलंय की बुडतंय हे कळत नाही, मातीत हात घालावाच लागतो.

आरओचं वाया जाणारं पाणी मात्र आजच बंद करा. बोअरचे क्षार त्यात आणखी दाट होऊन येतात. पानातून पाणी उडून जातं, क्षार टोकाशी साठतात आणि टोक जळतं. कुंडीच्या काठावर पांढरी खपली दिसते का बघा. अशा मातीत एप्सम सॉल्ट घालणं म्हणजे आणखी एक क्षार घालणं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरा, ते पामला मानवतं.

काचेपासून कुंडी चार-पाच फूट आत घ्या. अरेकाला उजेड भरपूर हवा, पण दुपारचं पश्चिमेचं ऊन काचेआडून पान भाजतं.

टोकं कापा, पण तपकिरी रेघ थोडी ठेवून. हिरव्यात कात्री गेली की तिथून परत वाळत येतं. पिवळी पानं पूर्ण सुकेपर्यंत राहू द्या, त्यांच्यातलं पोटॅश झाड नव्या पानांना पुरवत असतं. आणि मधल्या मिटलेल्या कोंबाला कधीही हात लावू नका. कोंब गेला की ती काठी संपली, तिला बाजूने फूट येत नाही.

मनीची आई
अरेका मांजराला विषारी नाही, निर्धास्त राहा. फक्त सागो पाम घरात आणू नका. नावात पाम असलं तरी ते सायकस आहे आणि मांजर-कुत्र्यांच्या जिवावर बेततं.

हिरवी बाल्कनी (वाकड)
बोट घातलं, आत नुसता चिखल! काठाला पांढरी खपलीही आहे. शिवाय पानामागे बारीक जाळी दिसतेय. कुंडी लगेच बदलू का?

नर्सरीवाली, उरुळी कांचन
जाळी म्हणजे लाल कोळी, ही अगदी बारीक कीड असते. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, ठिपके चालताना दिसतील. बाथरूममध्ये शॉवरने पानं खालून जोरात धुवा, कुंडीवर पिशवी बांधून. मग लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा भांड्यांचा साबण नीट घोळून संध्याकाळी फवारा, दर आठवड्याला, जाळी दिसेनाशी होईपर्यंत.

मातीला आंबूस वास येत असेल तर कुंडी आत्ताच बदला. नसेल तर पाणी तोडा, वरची माती सुकली की मगच घाला, आणि जूनपर्यंत थांबा. पावसाळी हवेत पाम मुळं लवकर धरतो. त्या वेळी गड्डा बादलीत भिजत ठेवून बाहेरची चिकण माती हलक्या हाताने सोडवा, मुळं ओढू नका. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू मिसळून भरा. कुंडी फार मोठी घेऊ नका, आहे त्यापेक्षा दोन इंच रुंद पुरे.