प्रदर्शनातला रेल्वे लेआउट: आधी घाट जोडावा की आधी जोड सुधारावेत?

एरंडवणेकर:
आमच्या पाच जणांच्या गटाचा एचओ प्रमाणातला, म्हणजे खऱ्याच्या १:८७ आकाराचा, लघुरेल्वेचा लेआउट आता तीन वर्षांचा झाला आहे. दर्शनी बाजूला चार फुटी तीन मॉड्यूल (म्हणजे एकमेकांना जोडायचे सुटे भाग), मागे यार्डाची तशीच तीन आणि चार कोपऱ्यांना तीन फुटी चौरस मॉड्यूल, असा हा अठरा फूट लांब व सहा फूट रुंद असा दुहेरी मार्गाचा बंद फेरा आहे. मधल्या दोन फुटी बोळात आम्ही उभे राहतो. गटातल्या तिघांचे म्हणणे असे, की येत्या दिवाळीच्या सुट्टीतल्या प्रदर्शनापूर्वी पुढे दोन आणि मागे दोन मॉड्यूल घालून लांबी सव्वीस फुटांवर न्यावी आणि नव्या भागात भोर घाट उभा करावा. घाट मलाही हवा आहे, पण यंदा नको, असे माझे मत आहे.

कारण सांगतो. आज आमच्याकडे दहा जोड आहेत आणि दुहेरी मार्गामुळे प्रत्येक जोडावर चार रूळ समोरासमोर येतात, म्हणजे चाळीस ठिकाणी रुळाचे टोक रुळाच्या टोकाशी जुळावे लागते. नव्या योजनेत ही ठिकाणे छप्पन्न होतील. गेल्या खेपेला एका शाळेच्या सभागृहात दोन दिवस लेआउट मांडला होता आणि गाडी जिथे जिथे थांबली किंवा रुळावरून उतरली त्याची नोंद मी वहीत ठेवली होती. त्यातल्या बहुतेक नोंदी तीनच जोडांच्या आहेत. (मुलांना डबे कलंडणे हाच मुख्य कार्यक्रम वाटला, ही गोष्ट वेगळी.) कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ मध्ये लोकांसाठी खुले केलेले लघुरेल्वे संग्रहालय पाहून आपण सगळे या छंदाकडे वळलो, हे खरे, पण तो लेआउट जागेवरच राहतो. आपला लेआउट प्रत्येक प्रदर्शनाला सुटतो, टेम्पोत चढतो, खड्ड्यांतून जातो आणि पुन्हा जुळवला जातो. तेव्हा या वर्षी एकही फूट न वाढवता सगळे जोड नव्याने करावेत की नाही, यावर मते हवी आहेत.

घाटमाथा:
गटातल्या त्या तिघांपैकी मी एक आहे, हे आधीच सांगून टाकतो. जोडांच्या संख्येवरून लेआउटची लांबी ठरवायची, तर सर्वांत उत्तम लेआउट एका मॉड्यूलचा होईल आणि तो कपाटावर राहील.

अठरा फूट आपल्याला अपुरे का पडतात, ते पाहा. एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीचा, डबा सुमारे चोवीस मीटर लांब असतो, म्हणजे १:८७ मध्ये साधारण २७६ मिलिमीटर. डेक्कन क्वीनचे सोळा डबे जोडले, की एकट्या डब्यांचीच लांबी ४.४ मीटर, म्हणजे साडेचौदा फूट होते. दर्शनी बाजूच्या अठरा फुटांपैकी दोन्ही कडांचे तीन-तीन फूट वळणात जातात, त्यामुळे इंजिन उजवीकडे वळायला लागते तेव्हा शेवटचे डबे डावीकडे अजून वळणातच असतात आणि पाहणाऱ्याला गाडी धावताना न दिसता फक्त सरकणारी भिंत दिसते. म्हणून आपण आठ डबे लावतो आणि दर वेळी कोणी तरी आजोबा येऊन विचारतात, की बाकीची गाडी कुठे आहे. पुण्यातला प्रेक्षक १ जून १९३० पासून ही गाडी ओळखतो. त्याला आठ डब्यांत गुंडाळता येत नाही.

आणि घाटच का, तर आपल्याकडे उभा करावा असा घाट दाराशी आहे. १८६३ मध्ये सुरू झालेला हा मार्ग, त्याचा १:३७ चा चढ, कर्जतला मागून लागणारी बँकर इंजिने, उतारावर ब्रेक निकामी झाले तर गाडी चढावर वळवून थांबवणारी कॅच सायडिंग, एवढी सामग्री असताना आपण तीन वर्षे एक निनावी स्टेशन दाखवत आहोत. गंमत म्हणजे १:३७ म्हणजे २.७ टक्के, आणि मॉडेलच्या इंजिनालाही साधारण तेवढाच चढ झेपतो. एरवी मॉडेलमध्ये प्रत्येक गोष्ट कापावी लागते; चढ मात्र जसाच्या तसा घेता येतो.

जुना पॅटर्नमेकर:
भोसरीत मी तीस वर्षे ओतकामाचे लाकडी पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचे नमुने, केले आणि रेल्वेचा नाद निवृत्तीनंतर लागला. दोघांच्याही वादात मला पडायचे नाही, पण जोड बिघडतात ते का, हे दोघांनीही लिहिलेले नाही, म्हणून लिहितो.

दोन मॉड्यूल नुसत्या बोल्टने आवळली, तर बोल्ट आणि भोक यांच्यामधल्या फटीएवढी ती दर वेळी निराळ्या जागी बसतात. अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाले तरी डोळ्याला कळत नाही, परंतु एचओच्या चाकाची कडा स्वतःच एक मिलिमीटरच्या आतबाहेर असते आणि ती रुळाच्या टोकावर चढून बसते. बोल्टचे काम आवळण्याचे आहे. जागा ठरवण्याचे काम डॉवेलचे, म्हणजे भोकात नेमक्या बसणाऱ्या खुंटीचे आहे. पॅटर्नचे दोन अर्धे भाग हजार वेळा उघडून मिटले तरी पुन्हा तिथेच बसावेत, यासाठी आम्ही धातूचे नर-मादी डॉवेल वापरत असू. तेच प्रत्येक जोडावर दोन-दोन बसवा. मात्र भोके दोन्ही फळ्या एकत्र शिकंज्यात धरून एकाच वेळी पाडा, मोजून वेगवेगळी पाडू नका.

यानंतर रूळ. माझ्या पाहण्यात बहुतेक जण दोन्ही मॉड्यूलांवर रूळ आधी घालतात आणि मग ते जुळवत बसतात. करायचे ते नेमके उलटे. डॉवेल व बोल्ट लावून मॉड्यूल जोडून घ्यावीत, जोडावरून रूळ अखंड न्यावा, जोडाच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा पत्रा चढवलेले फायबरचे स्लीपर फळीला स्क्रूने घट्ट बसवून त्यांना रूळ डागावा, त्या पत्र्यावर मध्ये खाच पाडायला विसरू नये, नाही तर दोन्ही रूळ शॉर्ट होतात, आणि सगळे थंड झाल्यावरच पातळ कटिंग डिस्कने रूळ जोडावर कापावा. असा कापलेला रूळ स्वतःशीच जुळतो.

आता पावसाळा. लाकूड आडवे फुगते, लांबीत फारसे नाही. म्हणून चौकटीच्या आडव्या पट्ट्यांचे रेषे कोणत्या दिशेला आहेत, ते महत्त्वाचे असते. टिंबर मार्केटमधून बारा मिलिमीटरचा चांगला मरीन प्लाय आणला, तरी त्याच्या कापलेल्या कडा सील केल्याशिवाय ठेवू नका, कारण पाणी तिथूनच आत शिरते. रुळाचे उलट आहे, त्याला दमटपणाचे काही नाही पण उन्हाचे आहे. निकेल सिल्व्हरचा दहा मीटर रूळ वीस अंश तापला, तर तीन मिलिमीटरच्या वर वाढतो. मार्चमध्ये गॅलरीत घट्ट भिडवून घातलेला रूळ मे महिन्यात साप झालेला मी पाहिला आहे.

तेव्हा माझे मत विचाराल, तर जुने दहा जोड आधी या पद्धतीने करा. आठवड्याला एक धरला, तरी अडीच महिन्यांत होतात. घाट त्यानंतर.

सव्वापाच फुटी:
घाट हवा की जोड हवेत, हा वाद गाडी पाहायला आलेल्या माणसाच्या गावीही नाही. तुमचा लेआउट जमिनीपासून सव्वाचार फुटांवर आहे आणि रांगेतली निम्मी माणसे सात वर्षांची असतात. आधी दोन पायऱ्यांचे लांब बाक करा.

साडेपाच फुटी गेज:
नवीन मॉड्यूल करायचीच असतील, तर मूळ चूक सुधारण्याची हीच वेळ आहे. आपण ज्याला एचओचा रूळ म्हणतो तो १६.५ मिलिमीटरचा असतो आणि तो परदेशातल्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी, म्हणजे दोन रुळांमधल्या तेवढ्या अंतरासाठी आहे. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा, एचओमध्ये फुटाला साडेतीन मिलिमीटर, म्हणजे रूळ १९.२५ मिलिमीटरचा हवा. पावणेतीन मिलिमीटरची ही तूट समोरून पाहिल्यावर लपत नाही. भारतीय डबे अरुंद पायांवर उभे असल्यासारखे दिसतात. भोर घाट म्हणून पाटी लावायची आणि खाली परदेशी गेज ठेवायचा, हे मला तरी पटत नाही.

एरंडवणेकर:
आपले गणित निर्विवाद आहे, परंतु १९.२५ चा रूळ तयार मिळत नाही, प्रत्येक पॉइंट (गाडीचा मार्ग बदलणारा रुळाचा सांधा) हाताने करावा लागेल आणि प्रत्येक डब्याचे आस बदलावे लागतील. हा एका माणसाच्या आयुष्याचा लेआउट आहे, पाच जणांच्या दिवाळीचा नाही. बाकांची सूचना मान्य आहे, ते मला आधीच सुचायला हवे होते.

आता घाटाबद्दल. घाटमाथा यांनी चढ जसाच्या तसा घेता येतो असे लिहिले, ते चढण्यापुरते खरे आहे. उतरायचे कुठे, याचा हिशेब त्यांनी दिलेला नाही. सव्वीस फुटांपैकी दर्शनी सरळ भाग वीस फूट, म्हणजे सुमारे सहा मीटर. त्यावर १:३७ ने चढलो, तर उजव्या टोकाला रूळ साडेसोळा सेंटिमीटर उंच जातो. मागचे यार्ड सपाट असलेच पाहिजे, नाही तर उभे डबे आपोआप चालू लागतील. मग ही सगळी उंची उजवीकडच्या अर्ध्या वळणात उतरवावी लागेल. तीस इंच त्रिज्येचे अर्धे वळण जेमतेम २.४ मीटर भरते, म्हणजे उतार जवळपास १:१५ चा झाला. गाडी त्यावरून उतरणार नाही, पडेल.

घाटमाथा:
हेलिक्स, म्हणजे गोल वेढे घेत उतरणारा मार्ग, करावा. तीस इंच त्रिज्येच्या एका पूर्ण वेढ्यात १:३७ ने तेरा सेंटिमीटर उतरता येते, सव्वा वेढ्यात काम होते.

एरंडवणेकर:
आणि तो हेलिक्स दुहेरी मार्गासह साडेपाच फूट चौरस होतो. आपल्या टेम्पोचा, म्हणजे छोट्या हत्तीचा, हौदा पाच फुटांहून थोडा अरुंदच असतो. सभागृहाच्या दाराचे तर बोलायलाच नको.

जुना पॅटर्नमेकर:
रूळ चढवायचाच कशाला? रूळ सपाट ठेवा आणि जमीन खाली न्या. नव्या दोन दर्शनी मॉड्यूलांचा तळ दीड फूट खोल करा, रूळ कड्याच्या पोटातून, मेहराबी पुलावरून आणि दोन बोगद्यांतून जाऊ द्या, आणि मागच्या डोंगरातले खडकाचे थर रुळाशी किंचित तिरके करा. माणसाच्या डोळ्याला क्षितिज दिसले नाही, तर तो थरांवरून उतार ठरवतो. जुळणीच्या कडेला मात्र उंची जुन्या मॉड्यूलांइतकीच राहील, म्हणजे माझे डॉवेल तसेच चालतील.

घाटमाथा:
डोंगर तिरका करून चढ भासवणे मला नाटकाच्या पडद्यासारखे वाटते, तरी दरीची कल्पना उत्तम आहे, हे कबूल करतो. पण सपाट रुळावर बँकरला काम काय राहिले? चढच नसेल, तर मागचे इंजिन शोभेचे झाले.

एरंडवणेकर:
सपाट रुळावरसुद्धा बँकर सोपा नाही. डीसीसीवर, म्हणजे प्रत्येक इंजिनाला पत्ता देऊन चालवण्याच्या डिजिटल पद्धतीवर, पुढचे आणि मागचे इंजिन एका पत्त्यावर बांधले, तरी दोघांचा वेग प्रत्येक टप्प्यावर जुळवावा लागतो. मागचे किंचित जरी वेगाने चालले, तर वळणावर मधला हलका डबा दोन्हीकडून दाबला जाऊन बाहेर फेकला जातो. त्यात आपल्या निम्म्या डब्यांचे कपलिंग (डबे जोडणारा आकडा) बोगीला, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटीला जोडलेले आहे, त्यामुळे ढकलताना बोगीच तिरकी होते. हे सगळे जमले, तर ते प्रदर्शनात दाखवण्यासारखे आहे, याबद्दल माझे दुमत नाही.

म्हणून मधली वाट मांडतो. गणपतीपर्यंत जुने दहा जोड पॅटर्नमेकर काकांच्या पद्धतीने व्हावेत. मुख्य वीजवाहिनी अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेने नवी करावी आणि जोडांवरचे कनेक्टर तपकीर गल्लीतून एकाच जातीचे आणावेत. सध्या तीन प्रकारचे आहेत आणि अंधारात कोणता कशात जातो ते कोणालाच कळत नाही. त्यानंतर पूर्ण लेआउट सलग पाच वेळा सोडून पुन्हा जुळवावा. पाचव्या वेळी सोळा डबे एकदाही न उतरता तासभर फिरले, तर घाटाच्या खोल मॉड्यूलांसाठी प्लाय आणायला मी स्वतः येईन.

घाटमाथा:
पाच वेळा जुळवणे मान्य, सोळा डबे मान्य. पण चाचणीत मागचे इंजिनही हवे. बँकरशिवाय गाडी तासभर फिरली आणि घाट बांधून झाल्यावर बँकर लावताच डबे उतरू लागले, तर तोवर प्लायचे पैसे खर्च झालेले असतील. आणि या दिवाळीला घाट होणार नाही हे आपण पाचही जणांनी आत्ताच स्पष्ट बोलून टाकावे. ऑक्टोबरात माझ्या नावाने खडे फोडू नयेत.

एरंडवणेकर:
बँकरची अट मान्य. रविवारी सकाळी सुरुवात यार्डाच्या जोडांपासून करू, कारण वहीतले तीनही बदनाम जोड तिथलेच आहेत.

जुना पॅटर्नमेकर:
शिकंजे मी आणतो. चार पुरतील. कोणी जोडणीआधी रूळ कापायला घेऊ नये.