मदत हवी आहे: डाऊनीच्या प्रशिक्षणासाठी पत्त्यांचा खेळ केलाय, पण दर पाळीला फवारणारा गटच जिंकतोय

ओझर_शिवार

नमस्कार मंडळी. ओझर-पिंपळगाव पट्ट्यातल्या ३६ तरुण द्राक्ष बागायतदारांसाठी गोडी (फळासाठीच्या) छाटणीच्या आधी दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचंय. विषय एकच: डाऊनीसाठी (म्हणजे केवडा, द्राक्षावरचा बुरशीरोग) फवारायचं कधी, थांबायचं कधी आणि पीएचआय (फवारणी ते काढणी यात ठेवायचे किमान दिवस) कसा सांभाळायचा.

स्लाइडवर सगळं सांगून होतं, पण बागेत कुणी ते वापरत नाही. मोबाइलवरच्या प्रश्नमंजूषेत लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात, त्यामुळे प्रश्न वाचून व्हायच्या आधीच बोट पडतं. म्हणून खेळ बनवला. सध्याचे नियम असे:

- तिघांचा एक गट, असे १२ गट. प्रत्येक गटाकडे ४० नाणी.
- छाटणी ते काढणी १२० दिवस. १० दिवसांची एक पाळी, एकूण १२ पाळ्या.
- दर पाळीला गट ठरवतो, फवारायचं की नाही. फवारणीला २ नाणी.
- मग हवामानाचा फासा. १ किंवा २ पडलं की पाऊस. पाऊस आला आणि फवारणी नसली तर १० नाणी गेली.

चाचणीत तिसऱ्या पाळीपासून सगळेच गट डोळे झाकून फवारायला लागले, आणि जिंकले तेच. म्हणजे जे शिकवायचं त्याच्या नेमकं उलटं शिकवून बसतोय. नियम कुठे चुकतोय? दुसरं, हे मोबाइलवर न्यायचं असेल तर काय वापरू? हॉलमध्ये रेंज यथातथाच आहे. आणि शेवटी, लोक खरंच काही शिकले की नुसती करमणूक झाली, हे मोजायचं कसं?

फासे_आणि_हिशेब

तुमचे गट चुकत नाहीयेत, हिशेब बरोबर करताहेत. पावसाची शक्यता सहात दोन, नुकसान १०. न फवारता सरासरी ३.३३ नाणी जातात आणि फवारणी २ नाण्यांत होते. मग थांबायचं कशाला? कितीही समजावलंत तरी या नियमांत दर पाळीला फवारणं हेच शहाणपण आहे. खेळणारा तुमचं भाषण ऐकत नाही, नियम ऐकतो.

इथे अंदाज नाहीये, म्हणून निर्णयही नाहीये. अंदाज असा घाला:

चालकाने फासा खोक्याआड टाकायचा. मग चार चिठ्ठ्यांतून एक उचलायची: तीन चिठ्ठ्यांवर ‘खरं’, एकीवर ‘खोटं’. ‘खरं’ आलं तर फाशात दिसतंय तेच सांगायचं, ‘खोटं’ आलं तर उलट सांगायचं. अंदाज ऐकून प्रत्येक गट ‘फवारा’ किंवा ‘थांबा’ लिहिलेलं आपलं पान पालथं ठेवणार, सगळी पानं एकदम उघडणार आणि त्यानंतरच खोकं उचललं जाणार. पानं एकदम उघडली नाहीत तर शेजारच्या टेबलावर बघून पानं बदलतात, हे हमखास होतं. (चालकाचा चेहरा कोरा हवा. खोक्याआड बघून हसलात की अंदाज शंभर टक्के खरा ठरतो.)

आता ६० पाळ्या धरा. २० पाळ्यांत पाऊस, त्यातल्या १५ वेळा अंदाज ‘पाऊस’. ४० कोरड्या, त्यातल्या १० वेळा चुकून ‘पाऊस’. म्हणजे ‘पाऊस’ असा अंदाज २५ वेळा आला तर खरा १५ वेळा. ‘कोरडं’ असा अंदाज ३५ वेळा, त्यात पाऊस फक्त ५ वेळा. त्यामुळे ‘कोरडं’ ऐकून न फवारल्यास सरासरी १.४३ नाणी जातात आणि ‘पाऊस’ ऐकून न फवारल्यास ६. आता कुठे थांबण्यात फायदा दिसायला लागतो.

पण फवारणी २ नाण्यांचीच ठेवलीत तर १० पाळ्यांत अंदाज बघून खेळणाऱ्याचा खर्च साधारण १६.७ आणि सरसकट फवारणाऱ्याचा २०. एवढा फरक एका डावात नशीबच खाऊन टाकतं. फवारणी ३ ची करा. मग अंदाजवाला २०.८, सरसकटवाला ३०, कधीच न फवारणारा ३३.३. हा फरक डोळ्यांना दिसतो. सुरुवातीची नाणी ४५ करा, नाहीतर एखादा गट आठव्या पाळीतच संपेल आणि उरलेला वेळ मोबाइल बघत बसेल.

फासा सगळ्या गटांना मिळून एकच. प्रत्येक टेबलावर वेगळा फासा पडला तर हरलेला म्हणणार ‘आमच्याकडेच पाऊस पडला’, आणि चर्चा तिथेच संपणार.

मळा_निफाड

हिशेब पटला, पण दहा दिवसांची पाळी बागेला पटणार नाही. पोंगा अवस्थेपासून (डोळे फुटतात तेव्हापासून) मणी सेटिंगपर्यंत (मणी धरेपर्यंत) दोन-चार दिवसांत बाग बदलते. फुलोऱ्यात दहा दिवस डोळा चुकवला तर पुढे बघायला घड उरत नाही. पाळ्या सारख्या कशाला हव्यात? जिथे निर्णय दाट तिथे पाळी लहान ठेवा. १० व्या ते ६० व्या दिवसापर्यंत पाच-पाच दिवसांच्या १० पाळ्या, नंतर १२० पर्यंत वीस-वीस दिवसांच्या ३. एकूण तेराच होतात.

पीएचआय मात्र पाळीत मोजू नका, दिवसांतच ठेवा. टेबलावर १ ते १२० दिवसांची लांब पट्टी आखा. फवारलं की त्या दिवसावर औषधाचं पान. समजा एका पानावर पीएचआय ६६ दिवस लिहिलाय आणि ते ५० व्या दिवशी पडलं. ते ११६ ला मोकळं होतं. १२० ला काढणी केली तर सुटलात. आता शंभराव्या दिवशी व्यापारी आणा: ‘११० ला माल द्या, भाव जास्त देतो’. निम्मे गट हो म्हणतील. मालाच्या तपासणीचा निकाल शेवटी उघडायचा, मध्ये अवाक्षर काढायचं नाही. चूक केली छाटणीनंतर आणि कळली काढणीनंतर, असंच तर घडतं. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या (सीसीसी, वाढ रोखणारं संजीवक) अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हाही हेच झालं: सीसीसी वापरलं वाढीच्या काळात, भोगलं बंदरावर.

पानावरचे पीएचआय आणि मात्रा आठवणीने लिहू नका. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू हंगामाची यादी समोर ठेवून भरा. यादी बदलते आणि जुनी पानं पुढच्या वर्षी चुकीचं शिकवतात. पानावर हंगाम छापा.

अजून एक, औषधांचे गट घाला. फ्रॅक ही बुरशीनाशकांना येणाऱ्या प्रतिकारावर काम करणारी समिती, तिच्या यादीत औषधांना गटाचे आकडे आहेत: मेटॅलॅक्सिल ४, डायमेथोमॉर्फ ४०, ॲझॉक्सिस्ट्रॉबिन ११, मॅन्कोझेब एम ०३. ४, ४० किंवा ११ मधला एकच आकडा लागोपाठ दोनदा टाकला तर दुसऱ्या वेळी पान निकामी. एम गटाला हा नियम नको, त्याविरुद्ध बुरशीत प्रतिकारशक्ती येण्याचा धोका कमी असतो. आणि स्पर्शजन्य औषध पावसाने धुऊन जातं तेही घ्या, शिवाय भुरी (दुसरा बुरशीरोग), शिवाय डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं)...

फासे_आणि_हिशेब

थांबा दादा, थांबा! एका डावात दोन नवे नियम, त्यापुढे नाही. अंदाज आणि पीएचआय पहिल्या डावात, औषधांचे गट दुसऱ्या दिवशीच्या डावात. भुरी आणि डिपिंगला वेगळा खेळ लागेल. नियम सांगायला दहा मिनिटांपेक्षा जास्त लागली तर तिघांपैकी एकच खेळतो आणि दोघे नाणी मोजत बसतात. तसंही कामं वाटूनच द्या: एकाकडे नाणी, एकाकडे पट्टी, एकाकडे कारणांची नोंद. ‘का फवारलं’ हे दर पाळीला चार शब्दांत लिहायचं, पेनाने. पुढे चर्चेला हाच कागद लागतो.

गंगापूर_रोड

मोबाइलसाठी ट्वाइन घ्या, लिंक दाबत पुढे जाणाऱ्या गोष्टी आणि खेळ बनवायचं साधन. फुकट आहे, आणि प्रकाशित केलं की एकच एचटीएमएल फाइल मिळते, ती इंटरनेटशिवाय चालते. पण आधी कागदावर दोन-तीनदा खेळून आकडे पक्के करा. कागदावर आकडा खोडून लिहिला की झालं, ट्वाइनमध्ये तोच दहा ठिकाणी बदलावा लागतो.

यात हमखास अडतं ते असं. ट्वाइनच्या हार्लो स्टोरी फॉर्मॅटमध्ये (खेळ दिसायच्या साच्यात) बाजूला मागे जायचा बाण आपोआप येतो. पाऊस आला की पोरं बाण दाबून मागे जातात आणि फवारून येतात. स्टाइलशीटमधून तो साइडबार लपवा.

फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली तर काही फोन ती ‘एचटीएमएल व्ह्यूअर’मध्ये उघडतात. त्यात जावास्क्रिप्ट बंद असते, त्यामुळे पान कोरं दिसतं आणि लोक म्हणतात फाइल खराब. ‘क्रोममध्ये उघडा’ हे फाइलसोबतच लिहून द्या.

आकडा टाइप करायला लावू नका. मराठी कीबोर्डवरून ‘१०’ आलं तर प्रोग्रॅम त्याला आकडा मानत नाही. ‘फवारा’ आणि ‘थांबा’ अशा दोन लिंक पुरेत.

हवामान फोनला ठरवू देऊ नका. प्रत्येक फोनवर वेगळा पाऊस पडला की वर सांगितलेलं भांडण परत आलंच. आधीच फासा टाकून पाच हंगाम फाइलमध्ये भरून ठेवा, चालकाने ‘हंगाम ३’ म्हटलं की सगळे तोच निवडतील.

ब्राउझरमधल्या ट्वाइनमध्ये काम केलंत तर कथा त्या ब्राउझरच्याच साठवणीत राहते. कुणी डेटा साफ केला की संपलं. रोज आर्काइव्ह उतरवून ठेवा.

खरं सांगायचं तर हॉलमध्ये कागदच बरा, सगळ्यांचं डोकं एकाच पट्टीवर असतं. ट्वाइन घरी जाऊन परत खेळण्यासाठी द्या.

सातपूर_प्रशिक्षण

खेळ ५० मिनिटं तर चर्चाही किमान ४०. बहुतेक ठिकाणी खेळ लांबतो, जेवणाची वेळ होते आणि चर्चा कापली जाते. मग लोकांच्या लक्षात राहतं फक्त कोण जिंकलं ते. १३ पाळ्या गुणिले ४ मिनिटं म्हणजे ५२. मोबाइलवर घंटा लावा, वेळ संपली की हातात असेल ते पान.

निकाल लगेच जाहीर करू नका. फळ्यावर आडवे दिवस, उभी नाणी, आणि चार गटांच्या रेषा काढा: एक सरसकट फवारणारा, एक कंजूष, दोन मधले. मग विचारा, ‘३५ व्या दिवशी अंदाज कोरडा होता, तरी सात गटांनी फवारलं. का?’ नोंदीच्या कागदावरून वाचायला सांगा. ‘शेजाऱ्याचा फवारणीचा ब्लोअर चालू होता’ असलं उत्तर येईल, आणि खरा विषय तोच आहे. आधी काय झालं, मग का झालं, आणि शेवटी ‘तुमच्या प्लॉटवर या हंगामात काय बदलणार’. तिसरा प्रश्न प्रत्येकाने लिहून द्यायचा, तोंडी नको.

मोजमापासाठी ‘प्रशिक्षण कसं वाटलं’ विचारू नका, सगळे छानच म्हणतात. सहा प्रसंग लिहा. उदाहरणार्थ: ‘छाटणीनंतर ४२ वा दिवस, फुलोरा, अंदाज कोरडा, मागची फवारणी तीन दिवसांपूर्वी, औषधाचा गट ४०. काय कराल आणि का?’ पहिल्या सकाळी एकदा, तीन आठवड्यांनी फोनवर परत. आकडे आणि दिवस बदला, प्रसंगाचा गाभा तोच ठेवा. गुण निर्णयाला एक, कारणाला दोन. निर्णय बरोबर आणि कारण चुकीचं असेल तर तो अंदाजपंचेच समजा.

ओझर_शिवार

सगळ्यांचे आभार, नियम आज परत लिहितो. दोन शंका. व्यापाऱ्याने भाव किती वाढवायचा? आणि पत्ते कुठे, कशावर छापू?

मळा_निफाड

नेहमीचा माल ६० नाण्यांचा धरा, ११० ला दिला तर ७०, तपासणीत अडकला तर २५. दहाचा मोह पुरे. वीस ठेवलात तर सगळेच जातील आणि बोलायला कुणी उरणार नाही.

फासे_आणि_हिशेब

नाशिकमध्ये रविवार कारंजा किंवा शालिमारकडे कुठल्याही डिजिटल प्रिंटरकडे ३०० जीएसएम आर्ट कार्ड, १२ बाय १८ इंची शीट. ६३ बाय ८८ मिमीचे २० पत्ते एका शीटवर बसतात. मागची बाजू सगळ्यांची एकसारखीच हवी, ‘फवारा’ आणि ‘थांबा’ पालथे ठेवल्यावर ओळखू येता कामा नयेत. चकचकीत लॅमिनेशन नको, त्यावर पेन चालत नाही. मॅट घ्या आणि पीएचआयचा चौकोन रिकामा ठेवून पेन्सिलने भरा. दर गटाला ‘फवारा’ ८ आणि ‘थांबा’ १ पुरतो, कारण ‘थांबा’ परत हातात येतो आणि ‘फवारा’ पट्टीवर बसतो. आठ संपले की फवारणी बंद. बघा, सरसकटवाल्यांची जिरवायला हाही एक नियम झालाच.

सातपूर_प्रशिक्षण

ती मर्यादा पहिल्या डावात नको. पानंच संपली म्हणून थांबला तर तो विचार करून थांबला की नाही, हे नोंदीत कळणार नाही. पहिल्या डावाला १३ द्या, दुसऱ्या दिवशी ८.