अनुभव धागा : नेटवर्क प्रिंटर 'ऑफलाइन' दाखवतो तेव्हा

कोर्टनाका, ठाणे
माझं टायपिंगचं दुकान आहे. गेल्या शुक्रवारी लाईट जाऊन आली आणि दोन्ही कॉम्प्युटरवर प्रिंटर ऑफलाइन. प्रतिज्ञापत्रासाठी एक आजी बाकावर ताटकळलेल्या, वकीलसाहेबांचे फोनवर फोन. ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकण्यात अर्धा तास गेला. शेवटी प्रिंटरच्याच बटणांवरून नेटवर्कचा कागद काढला. त्यावर आयपी (प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता) १९२.१६८.१.१२, कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये (प्रिंटर कुठे शोधायचा त्या नोंदीत) मात्र १९२.१६८.१.७! राउटर नव्याने सुरू झाला, त्याने प्रिंटरला नवा पत्ता दिला आणि कॉम्प्युटर जुन्याच दारावर थापा मारत बसला. पोर्टमध्ये पत्ता बदलला, आजींचा कागद निघाला. मग राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक ॲड्रेसला (यंत्राच्या ओळख क्रमांकाला) तोच आयपी कायमचा राखून ठेवला. ड्रायव्हरला हात लावण्याआधी पत्ता बघा, एवढीच कळकळीची विनंती. तुमच्याकडे काय झालं, कसं सुटलं, लिहा.

नेरूळ
दादा, आमच्याकडे पत्ता बरोबर होता, तरी पिंग (त्या पत्त्यावरून उत्तर येतं का, ही चाचणी) जाईना. मुलीचा प्रोजेक्ट दुसऱ्या दिवशी द्यायचा. लॅपटॉपवर इंटरनेट चालू, म्हणून वाय-फायवर संशयच आला नाही. लॅपटॉप गेस्ट वाय-फायला जोडलेला निघाला. त्यावर इंटरनेट मिळतं, पण बहुतेक राउटर तिथून घरातल्या इतर यंत्रांपर्यंत पोचू देत नाहीत.

एपीएमसी, वाशी
गाळ्यात प्रिंटर मुनीमजींच्या कॉम्प्युटरला यूएसबीने जोडलेला, बाकीचे शेअरिंगवरून बिलं काढायचे. सप्टेंबर २०२१ च्या विंडोज अपडेटनंतर शेवटी '११बी' असलेला एरर यायला लागला. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत) एक आकडा शून्य केला की जातो, असं अनेकांनी सांगितलं. मी नाही केलं. त्या शून्याने जी तपासणी बंद होते ती सुरक्षेसाठीच आणलेली, आणि त्याच कॉम्प्युटरवर आमचा सगळा हिशेब. प्रिंटरला लॅनचं (नेटवर्क केबलचं) पोर्ट होतंच. केबल थेट राउटरला लावली, प्रत्येक कॉम्प्युटरवर टीसीपी/आयपी पोर्टने, म्हणजे थेट प्रिंटरच्या आयपीवर, प्रिंटर जोडला. आता मुनीमजी रजेवर असले तरी बिल निघतं.

घोडबंदर रोड
पिंग जातोय, तरी ऑफलाइन? पोर्टच्या सेटिंगमधली 'एसएनएमपी स्टेटस'ची (कॉम्प्युटर प्रिंटरला त्याची स्थिती विचारतो, त्या सोयीची) टिक काढून बघा. माझं तेवढ्यावर भागलं.

कोपरखैरणे
अडकलेला छपाईचा जॉब डिलीटच होईना. विंडोजच्या सर्व्हिसेसमधून प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) थांबवला, सिस्टिम ३२ मधल्या स्पूलच्या प्रिंटर्स फोल्डरातल्या फायली उडवल्या (फोल्डर उडवू नका), स्पूलर परत चालू केला.

कोर्टनाका, ठाणे
नेरूळच्या ताई, दुकानात गिऱ्हाइकांसाठी मीही गेस्ट वाय-फाय ठेवलंय. दुसरा कॉम्प्युटर अधूनमधून रुसतोच. आज शटर ओढण्याआधी तो कुठल्या नेटवर्कवर आहे ते बघतो.